आगे ढोको म्हणणारे नगेनदा

नगेनदांना जमिनीवर पडलेला तारेचा तुकडा बघवत नसे. बायंडिंगची तार वीतभर असो की बोटभर, ते वाकून उचलत, दोन बोटांत धरून सरळ करत आणि खिशात टाकत. संध्याकाळी कारखान्याच्या फाटकावर झडती व्हायची, तेव्हा हा सगळा ऐवज बाहेर निघे आणि गार्ड वैतागे. "काऊन नगेनदा, भंगाराचं दुकान टाकून राह्यले का?" नगेनदा हसून ते तुकडे फाटकाजवळच्या डब्यात ओतत आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा उचलायला लागत. माझ्या टेबलावर टाचण्या कधीच नसायच्या, त्यामुळे हजेरीचे कागद मी त्यांच्याच तारेने बांधायचो. जुने काही कागद अजून घरी आहेत. तार गंजली आहे, पण गाठ एकाचीही सुटलेली नाही.

मी त्या कारखान्यात एका ठेकेदाराकडे टाइमकीपर होतो. चंद्रपूरच्या भोवती बॉयलर असलेले कारखाने पुष्कळ आहेत, त्यातला कोणता ते सांगून आता काही साधणार नाही. ठेकेदाराला आम्ही शेठ म्हणत असू. शेठकडे कामगार नोंदवायचे, त्यांचे गेटपासचे फॉर्म भरायचे, सकाळी खिडकीत बसून हजेरी घ्यायची, हे माझं काम. सकाळी ऊर्जानगरकडच्या कायम नोकरीवाल्यांच्या बसेस आमच्या सायकलींना अगदी चिकटून जायच्या. आत बसलेल्यांतला एकही जण खाली बघत नसे, आणि मला दररोज, तीस वर्षं, न चुकता, त्याचा राग येई. आमच्यापेक्षा खालच्या लोकांकडे मी तरी कुठे बघत होतो, हा प्रश्न मला फार उशिरा पडला. तो नगेनदांमुळे पडला.

नगेनदा मुलचेऱ्याकडचे. त्या भागात बंगाली लोकांची गावं आहेत. सीमेपलीकडून जीव वाचवून आलेल्या माणसांना सरकारने इथे जंगलाच्या कडेला जमिनी दिल्या. नगेनदा तेव्हा आईच्या कडेवर होते. म्हणजे त्यांची सगळी हयात गडचिरोली-चंद्रपुरात गेली, पण आमच्या तोंडी ते शेवटपर्यंत 'निर्वासित'च. त्यांच्या मुलांनाही तेच म्हणतात. तिकडे बंगालात त्यांची जात अनुसूचित जातींच्या यादीत आहे, आमच्याकडे नाही, त्यामुळे राखीव जागेचं नावही काढायची सोय नव्हती. मी बौद्ध घरातला. यादीत नाव असण्याने काय होतं आणि नसण्याने काय, हे मला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

माझं स्वतःचं कसं झालं तेही सांगून टाकतो. माझा मामा युनियनमध्ये होता. बारावीला मी गणितात आपटलो आणि पुढच्याच महिन्यात टाइमकीपरच्या खुर्चीवर बसलो. विहारात रविवारी वंदना संपली, की चपला शोधता शोधता कोणत्या ठेकेदाराकडे कुठली जागा निघाली ते कळायचं. स्टोअर, कँटीन, ऑफिस, असल्या सावलीतल्या जागांच्या बातम्या आमच्याकडे अशा चालत येत. त्याला आम्ही स्वतःच्या पायावर उभं राहणं म्हणत होतो.

नगेनदांचा असा कुणीच नव्हता. त्यांच्याकडे फिटरचं आयटीआयचं सर्टिफिकेट होतं, प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं. ते घेऊन हा माणूस तीन आठवडे फाटकाबाहेरच्या चहाच्या टपरीवर येऊन बसला. फिटरचे ठेकेदार आपापल्या माणसांना हाक मारायचे आणि आत घेऊन जायचे. नगेनदांना कोण हाक मारणार? चौथ्या आठवड्यात शेठला लॅगिंगच्या कामात ओझी वाहायला माणूस हवा होता. लॅगिंग म्हणजे वाफेच्या तापलेल्या पाइपांना काचेच्या लोकरीच्या गाद्या गुंडाळायच्या, वरून तारेची जाळी ओढायची, ती तारेने शिवायची आणि त्यावर पत्रा चढवायचा. त्या लोकरीची कूस अंगात शिरते आणि माणूस रात्रंदिवस खाजवत राहतो. आमच्याकडचं कुणी त्या कामाला धजत नसे.

मी फॉर्म भरायला घेतला आणि विचारलं, "ट्रेड काय लिहू? फिटर?"

नगेनदांनी सर्टिफिकेटची पिशवी शर्टाच्या आत सरकवली. "टाइमबाबू, लॅगिंग लिखो. आगे ढोको, पोरे देखा जाबे."

त्याचा अर्थ त्यांनीच सांगितला. आधी आत शिरा, पुढचं पुढे बघू. एकदा आत गेलो की फिटरचं काम कुणी ना कुणी बघेलच, असा त्यांचा हिशेब होता. मलाही तो पटला. मी 'लॅगिंग' लिहिलं. पुढच्या तीस वर्षांत त्यांच्या पासावरचा तो शब्द बदलला नाही.

बदलला नाही त्याला कारण त्यांचा हात. त्यांचे वडील पलीकडे, खुलन्याच्या नद्यांवर मासे धरत. इथे आल्यावर त्यांच्या वाट्याला गावचं एक तळं आलं, तरी म्हातारा मोठाल्या नद्यांची जाळी विणत राहिला. नगेनदा त्यांच्या पायाशी बसून शिकले. लॅगिंगची जाळी शिवताना त्यांनी वेल्डिंगच्या रॉडची वाकडी सुई केली आणि तारेला जाळ्याची गाठ मारली. कारखान्याच्या साहेबाने पक्कड लावून ओढून बघितलं. गाठ हलेना. तो दिवस मला आठवतो, कारण शेठ स्वतः वर चढला होता, आणि शेठ सहसा शिडीला हात लावत नसे.

"नगेन, ऐसे और हैं क्या तेरे गाव में?"

"सगळेच आहेत, शेठ."

बस्स. इथून सुरू झालं. शेठला जाहिरात नको, पारख नको, शिकवणं नको. वर्षाची मोठी दुरुस्ती आली, बॉयलर बंद झाला, की तो नगेनदांना सांगे, आणि गोंडपिपरीवरून येणाऱ्या एसटीतून दहा-बारा माणसं उतरत. बंगाली म्हणजे लॅगिंग आणि लॅगिंग म्हणजे बंगाली, हे सगळ्या कारखान्यात ठरून गेलं. त्यात एक जण उत्तम वेल्डर होता, हे मला पाच वर्षांनी कळलं. दुसरा गावात पोरांच्या शिकवण्या घेत असे. मी कुणाला विचारलंच नव्हतं. नाव, बापाचं नाव, गाव, आणि ट्रेडच्या रकान्यात लॅगिंग. कित्येकदा तर माणूस खिडकीशी यायच्या आधीच मी तो रकाना भरून ठेवलेला असे. काम लवकर उरकायचं म्हणून.

सकाळचं त्यांचं एक ठरलेलं असे. फाटकाबाहेर नगेनदा सरसोंच्या तेलाची बाटली काढत आणि ओळीने सगळ्यांच्या तळव्यांवर धार धरत. मान, मनगटं, कानामागे, सगळीकडे तेल चोळून घ्यायचं, म्हणजे कूस लवकर चिकटत नाही. कुणी खाजवायला लागला की ते चटकन त्याचा हात धरत. "खाजवू नको. खाजवलं की ती आत जाते." मग एकेकाच्या पाठीवर तळवा ठेवून फाटकातून आत ढकलत. प्रत्येकाला तेच. आगे ढोको. माणूस पन्नाशीचा असो की विशीचा, पाठीवर थाप पडल्याशिवाय आत जात नसे. गार्डसुद्धा त्यांची नक्कल करायचे.

त्यांच्या शब्दाचं वजन काय होतं, ते सांगतो. एका वर्षी ऐन दुरुस्तीत दुर्गापूजा आली आणि निताई नावाचा गडी न सांगता गावी पळाला. शेठ माझ्या खिडकीशी येऊन ओरडला की नगेनचा माणूस पळतो म्हणजे काय. नगेनदा शिडी चढून वर गेले. ते निताईच्या जागी उभे राहिले. आपली पाळी करायची, मग त्याची. असे सहा दिवस. त्या सहा दिवसांत ते जेवायलासुद्धा बसून जेवले नाहीत, पाइपाला टेकून मुरमुरे आणि हिरवी मिरची चावत. मी म्हटलं, "काऊन मरता हो त्याच्यासाठी? गैरहजेरी लिहून टाकतो त्याची." तर म्हणाले, "त्याची नाही लागत, बाबू. सगळ्यांची लागते." पुढे माझ्या लक्षात आलं, खरंच होतं ते. आमच्यातला एखादा पळाला तर तो एकटा पळालेला असे. त्यांच्यातला एक पळाला की पुढच्या वर्षी दहा जणांना घरी बसावं लागलं असतं.

निताई सातव्या दिवशी परतला. नगेनदांनी त्याच्या हातातला प्रसादाचा लाडू घेतला, अर्धा मला दिला आणि त्याच्या हातावर तेल ओतलं.

मग श्रीदामचं झालं. श्रीदाम त्यांच्याच गावचा, हसरा माणूस, लोकरीच्या गाद्या शिवताना गाणं म्हणायचा. त्याला खोकला लागला. डॉक्टरांनी आधी टीबी म्हटलं, गोळ्या दिल्या, मग म्हणाले टीबी नाही. तोवर माणूस अर्धा झाला होता. शेठने त्याच्या नावापुढे रेघ मारायला सांगितली आणि मी मारली. दोनेक महिन्यांनी तो गेला.

श्राद्धाला मी नगेनदांबरोबर त्यांच्या गावी गेलो. पहिल्यांदाच. गोंडपिपरी, आष्टी, मग पुढचा जंगलाचा रस्ता. प्रत्येक घरामागे डबकं, केळी, सुपारीची झाडं, आणि घराघरांत शेठच्या नावाचे जुने गेटपास देवाच्या फोटोशेजारी खोचलेले. एका म्हातारीने मला 'टाइमबाबू' म्हणून ओळखलं. मी त्या गावात आधी पाऊल ठेवलेलं नव्हतं, आणि तिथल्या प्रत्येक घराला माझं अक्षर माहीत होतं. मला तिथे बसवेना.

श्रीदामची बायको बकुल मागच्या दारात उभी होती. नगेनदा धोतर नेसून तळ्यात गुडघाभर पाण्यात उतरले, ओंजळीत पाणी घेतलं आणि तिच्याकडे तोंड करून मोठ्याने काही बोलले. शेजारच्या माणसाने मला सांगितलं, या गावातून आता एकही नवा माणूस लॅगिंगला नेणार नाही, असं म्हणाले. बकुलने मान हलवली आणि आत गेली. नगेनदांनी शब्द पाळला. जुने होते ते येत राहिले, नवा कुणी आला नाही. शेठ धुसफुसत राहिला.

या सगळ्यात शेफाली मोठी होत होती. नगेनदांची उशिराची, एकुलती एक. चंद्रपूरच्या बंगाली कॅम्पात आत्याकडे राहून तिने आयटीआय केलं. इन्स्ट्रुमेंट मेकॅनिक, म्हणजे कारखान्यातली दाबाची, तापमानाची यंत्रं दुरुस्त करायची. तिच्या वर्गात मुलगी ती एकटीच. आमच्या झाडीच्या बोलीत असं तडातडा बोलायची की कुणी बंगाली म्हणणार नाही. पास झाल्यावर ती वर्षभर अर्ज करत हिंडली. जिथे जाई तिथे विचारत, कोणाच्या ओळखीची? ती वडिलांचं नाव सांगे. ते नाव ऐकून माणसं खूश होत आणि म्हणत, नगेनदाची पोरगी! मग लॅगिंगमध्ये का नाही?

एका सकाळी ते दोघं खिडकीशी उभे राहिले. तिच्या हातात सर्टिफिकेट, प्लॅस्टिकच्या पिशवीत.

"नगेनदा, पोरीले लॅगिंगमध्ये काऊन टाकता?" मी म्हणालो.

"शेडमध्ये गाद्या शिवेल, वर नाही चढणार. पास तर बनेल. आतले साहेब लोक बघतील तिला. आगे ढोको."

"काका, मले हे शिवाचं नाई," शेफाली म्हणाली. "माहा ट्रेड इन्स्ट्रुमेंट आहे. तसाच लिहा ना."

शेठकडे इन्स्ट्रुमेंटचं काम नव्हतंच. मी म्हटलं, "पोरी, आता लिहू दे, मंग बदलू." मी हे किती सहज म्हणालो! जसं काही आजवर मी कुणाचं बदलून दिलं होतं. नगेनदांनी तिच्या पाठीवर हात ठेवला आणि ती आत गेली. तळ्यातली शपथ गावच्या माणसांची होती, आपल्या पोरीसाठी त्यांनी ती मोडली असं कुणी म्हटलं नाही. त्यांनी स्वतःला काय म्हटलं ते मला माहीत नाही.

आणि गंमत बघा, त्यांचा हिशेब या वेळी खरा ठरला. आठ-नऊ महिन्यांनी इन्स्ट्रुमेंटचं काम करणाऱ्या एजन्सीचा एक तरुण इंजिनिअर शेडमध्ये काही शोधत आला. त्याच्या हातात बिघडलेलं प्रेशर गेज होतं, काटा शून्यावर येत नव्हता. शेफालीने गादी बाजूला ठेवली, गेज मागून घेतलं, उघडलं आणि तिथल्या तिथे काटा शून्यावर आणून दिला. लोकरीने माखलेल्या हातांनी. इंजिनिअरने नाव विचारलं. दुसऱ्या दिवशी तिला बोलावून आणखी चार यंत्रं पुढ्यात ठेवली. मग म्हणाला, एक जागा आहे, तुला घेतो, फक्त तुझ्या ठेकेदाराचं ना-हरकत पत्र आण. एका माणसाला दोन ठेकेदारांचे पास मिळत नाहीत, जुना जमा करावा लागतो.

नगेनदा माझ्या खिडकीशी आले तेव्हा त्यांना नीट बोलता येत नव्हतं. "बाबू, देखा? देखा?" एवढंच. त्यांनी खिशातले सगळे तारेचे तुकडे माझ्या टेबलावर ओतले. का, ते त्यांनाही माहीत नसावं.

शेठ पत्र द्यायला नाही म्हणाला नाही. तो तसला माणूस नव्हता, नकार द्यायचा तर फार गोड बोलून द्यायचा. "अरे नगेन, अपनी बेटी है, जाने दूँगा. पण दुरुस्ती तोंडावर आहे. तू चार वर्षं झाली, एक माणूस आणला नाहीस. चार नवे आण. ते आत आले की पत्र घेऊन जा. नाहीतर मग तुझे बाकीचे अकरा पण कशाला ठेवू, मी बाहेरून गँग आणतो."

मी तिथेच बसलो होतो, हजेरीत डोकं घालून.

नगेनदा त्याच दिवशी गावी गेले. तिथे काय झालं ते मला शेफालीने पुढे सांगितलं. ते आधी बकुलकडे गेले आणि शपथेतून मोकळं करा म्हणाले. बकुल तांदूळ निवडत होती. ती म्हणाली, "तुझी पोरगी बाहेर काढायला आमची चार आत घालतोस?" नगेनदा उंबऱ्यावर बसून राहिले. संध्याकाळपर्यंत बसले. मग बकुलनेच आपल्या धाकट्या दिराला हाक मारली आणि त्याचे कपडे पिशवीत भरायला सांगितलं, कारण घरात दुसरं कुणी कमावणारं नव्हतं. उरलेले तिघं मिळायला पंधरा दिवस लागले. आधी त्यांच्या एका हाकेवर बारा यायचे.

त्या पंधरा दिवसांत इकडे इंजिनिअर माझ्याकडे आला. म्हणाला, काका, ती मुलगी अडकलेली दिसते, मला परवा माणूस उभा करायचा आहे, तुमच्या ओळखीत कुणी आयटीआयवाला आहे का?

माझ्या बहिणीचा मुलगा दोन वर्षं घरी बसून होता. त्याचाही ट्रेड इन्स्ट्रुमेंटच. बहीण दर रविवारी विहारात माझ्याकडे बघायची, बोलायची नाही, नुसती बघायची. मी इंजिनिअरला 'थांबा' म्हणू शकत होतो. शेठशी भांडू शकत होतो. निदान नगेनदांना फोन करून या, लवकर या, एवढं सांगू शकत होतो. यातलं मी काहीही केलं नाही. मी भाच्याचं नाव सांगितलं. त्याच दुपारी त्याचा एजन्सीचा फॉर्म माझ्याच हाताने भरला, आणि ट्रेडच्या रकान्यात, सुवाच्य अक्षरात, इन्स्ट्रुमेंट लिहिलं.

नगेनदा चार माणसं घेऊन उतरले. शेठने शब्द पाळला, पत्रावर सही केली. ते पत्र घेऊन बापलेक एजन्सीच्या केबिनकडे गेले आणि थोड्या वेळाने परत आले. शेफाली सरळ शेडमध्ये गेली. नगेनदा माझ्या खिडकीशी आले. मी सगळं सांगून टाकलं. लपवून तरी काय, नाव सगळ्यांना कळलंच होतं. मला वाटलं शिव्या देतील. दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

त्यांनी खिडकीचे गज धरले. मग म्हणाले, "टाइमबाबू, तुम्ही मामा आहात. मामा दुसरं काय करणार?" आणि गज सोडताना म्हणाले, "आमचे मामा लोक त्या पारला राहिले."

त्यात टोमणा नव्हता. त्यांनी ते एखाद्या गावाचा पत्ता सांगावा तसं सांगितलं. मी त्या दिवशी सायकल हातात धरून घरी गेलो. बायकोने विचारलं काय झालं, मी पंक्चर म्हणालो. भाच्याच्या पेढ्यांचा पुडा टेबलावर होता.

ना-हरकत पत्र त्यांनी परत माझ्याकडे दिलं, फाइलला लावायला. मी त्यांच्याच तारेने लावलं.

पुढच्या वर्षी मलाही शेठने नारळ दिला. त्याच्या मुलाने सगळं कॉम्प्युटरवर नेलं होतं, माझ्या अक्षराची गरज उरली नव्हती. शेवटच्या आठवड्यात पासांचं नूतनीकरण होतं, तेवढं उरकून जा म्हणाले. शेवटच्या सकाळी फाटकाबाहेर तेच चाललं होतं. सरसोंच्या तेलाचा वास, ओळीने धरलेले तळवे. नगेनदांना आता बाटली उचलली तरी धाप लागे. बकुलचा दीर खोकला आला की तोंड फिरवून खोकत होता. बोलताना नगेनदा त्याच्याकडे बघत नसत.

शेफालीचा फॉर्म माझ्या पुढ्यात आला. नाव लिहिलं, बापाचं नाव लिहिलं, गाव लिहिलं. मग पेन थांबलं. इतक्या वर्षांत फक्त एकदा, त्या पहिल्या दिवशी नगेनदांना, मी हे विचारलं होतं.

"पोरी, ट्रेड काय लिहू?"

तिने माझ्याकडे बघितलं. तिच्या मनगटांवर कूस लागून लाल चट्टे उठले होते. ती ते खाजवत नव्हती.

"काका, आता कायले विचारता?" ती म्हणाली. "जे आहे तेच लिहा."

मी लॅगिंग लिहिलं. तिने पास घेतला आणि फाटकाकडे गेली. नगेनदा तिथे उभे होते, रोजच्या जागी. ती समोर आली तसा त्यांचा तळवा सवयीने वर उठला. ओठही हलले. पण शब्द आला नाही आणि हात तिच्या पाठीपर्यंत पोचला नाही. शेफाली आपली आपणच आत गेली. मागे गेल्या वर्षी आणलेले ते चौघं थापेची वाट बघत उभे होते, आणि गार्ड ओरडत होता की चला, चला. नगेनदांचा हात हळूहळू खाली आला. त्यांच्या पायाशी तारेचा एक लांबलचक तुकडा पडलेला होता. मला तो खिडकीतून दिसत होता. त्यांनी त्याच्याकडे बघितलं, आणि तो त्यांनी उचलला नाही.